हिमालयी तेरडा आणि त्याचा परदेशातील प्रसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमालयी तेरडा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

पश्चिम हिमालयाच्या ओलसर उतारांवर पावसाळ्यात गुलाबी-जांभळ्या फुलांनी बहरणारे हे एक वर्षायू रानफूल आहे. त्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. कुंडीत किंवा परसात लावला जाणारा तेरडा, म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, हा इम्पेशन्स या त्याच प्रजातीतला (अनेक जातींच्या गटातला) त्याचा भाऊबंद. भारतात या प्रजातीच्या दोनशेहून अधिक जाती आढळतात आणि त्यांपैकी पुष्कळशा सह्याद्रीच्या किंवा पूर्व हिमालयाच्या लहानशा पट्ट्यापुरत्या मर्यादित आहेत. काही तर इतक्या दुर्मीळ आहेत की एखादा ओढा आटला किंवा एखादा कडा फोडला गेला, तरी त्यांचे अस्तित्व धोक्यात येते. अशा घरकोंबड्या कुळातल्या एका जातीने युरोपातील असंख्य नद्यांचे काठ व्यापावेत, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

ही वनस्पती मूळची कुठली?

पाकिस्तानच्या उत्तर भागापासून काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडपर्यंतचा हिमालयाचा पट्टा हे तिचे मूळ स्थान होय. साधारणपणे १,८०० ते ३,२०० मीटर उंचीवर, ओढ्यांच्या कडेला, जंगलातील मोकळ्या जागी, शेताच्या बांधांवर आणि गुरे बसतात तेथील खतावलेल्या जमिनीत ती उगवते. अशा जागी तिचे दाट ताटवेही दिसतात, परंतु तिच्याभोवती इतर उंच वनस्पतींची गर्दी असते आणि तिच्या पानांवर किडींनी पाडलेली भोके व बुरशीचे ठिपके हमखास सापडतात. पुढे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या भोकांशी आणि ठिपक्यांशी येऊन पोचतात, म्हणून त्यांचा उल्लेख आरंभीच केला आहे.

ती ओळखावी कशी?

खोड पोकळ, रसाळ आणि बहुधा तांबूस असते. पेरांशी ते फुगलेले दिसते. पाने भाल्याच्या आकाराची, दातेरी कडांची, समोरासमोर किंवा तीन-तीनच्या वलयात येतात, आणि देठाच्या तळाशी बारीक देठ असलेल्या ग्रंथी असतात. जातीच्या शास्त्रीय नावाचा आधार याच ग्रंथी होत. फुलाचा रंग गडद जांभळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत बदलतो. फुलाचे एक निदल पिशवीसारखे फुगलेले असून त्याच्या मागे वळलेली आखूड शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी पोकळ नळी, असते आणि मधुरस तिच्यात साठतो. उंची दोन ते अडीच मीटर सहज होते आणि अनुकूल जागी झाड तीन मीटरपर्यंतही जाते. एका हंगामात बीपासून एवढी उंची गाठणारी दुसरी वर्षायू रानवनस्पती ब्रिटनमध्ये नाही.

या प्रजातीच्या जाती ओळखणे एरवी अवघड काम आहे, कारण दाबून वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा नाजूक आकार टिकत नाही. जोसेफ हूकर यांच्यासारख्या मातब्बर वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची अखेरची वर्षे याच प्रजातीच्या अभ्यासात घालवली. हिमालयी तेरडा मात्र त्याच्या उंचीमुळे आणि तांबूस खोडामुळे नवख्यालाही ओळखता येतो.

बोंड ‘फुटते’ म्हणजे प्रत्यक्षात काय घडते?

पिकलेल्या बोंडाला बोटाचा स्पर्श झाला, पावसाचा थेंब पडला किंवा शेजारची फांदी वाऱ्याने आदळली, की बोंड क्षणात उकलते आणि बिया दूर फेकल्या जातात. बोंडाची भिंत पाच फाकांची बनलेली असते. बोंड पक्व होत असताना या फाकांच्या पेशींमध्ये पाण्याचा दाब वाढत जातो. प्रत्येक फाक वळून गुंडाळी होण्याची ओढ धरते, परंतु शेजारच्या फाकेशी असलेला जोड तिला सरळ रोखून धरतो. पक्वतेबरोबर हे जोड दुबळे होतात आणि अखेर एखाद्या किरकोळ धक्क्यानेही ते तुटण्याच्या बेताला येतात. एक जोड सुटला की पाचही फाका एकाच वेळी आत गुंडाळल्या जातात आणि मधल्या बियांना झटका बसतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वाटाण्याच्या कुळातील अनेक शेंगा वाळल्यावर तडकतात, म्हणजे तेथे पाणी निघून जाण्याने ताण निर्माण होतो. तेरड्याच्या बाबतीत नेमके उलट असते. बोंड हिरवे, रसरशीत आणि पाण्याने ताठ भरलेले असतानाच फुटते, आणि म्हणून ते ओल्या हवेतही तितक्याच जोमाने काम करते. उत्तर अमेरिकेतील इम्पेशन्स कॅपेन्सिस या नारिंगी फुलांच्या जातीवर अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेल्या अभ्यासात ही सारी क्रिया सुमारे ४ मिलिसेकंदांत पूर्ण होते असे आढळले. त्याच अभ्यासात असेही दिसले की फाकांमध्ये साठलेल्या ऊर्जेचा एक टक्काही बियांच्या वाट्याला येत नाही. इतकी ऊर्जा वाया घालवणारी यंत्रणा टिकून कशी राहिली असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, परंतु आईच्या सावलीतून बाहेर पडण्यापुरते अंतर मिळाले की बीचे काम भागते. हिमालयी तेरडा उंच असल्यामुळे त्याला आणखी एक फायदा मिळतो: दोन मीटर उंचीवरून सुटलेले बी जमिनीवर पडेपर्यंत अधिक अंतर कापते, आणि त्यामुळे त्याच्या बिया ७ मीटरपर्यंत जाऊ शकतात.

बी सात मीटरच जात असेल, तर वनस्पती देशभर कशी पसरते?

स्फोट हा प्रवासाचा पहिला टप्पा असतो. पुढचे काम पाणी करते. झाडे काठावर उभी असतात, बोंडे फुटतात आणि बऱ्याच बिया थेट प्रवाहात पडतात. त्या पाण्याबरोबर आणि नदीच्या तळाच्या गाळाबरोबर खाली सरकतात आणि हिवाळी पुराने जेथे ताजा गाळ टाकला असेल तेथे रुजतात. एका झाडाला सुमारे ८०० बिया धरू शकतात, म्हणून वरच्या खोऱ्यातील एखादे दुर्लक्षित झाडदेखील पुढच्या काही वर्षांत कित्येक किलोमीटर खालच्या काठाचा रंग बदलू शकते.

पाण्याइतकाच वाटा माणसाचा आहे. बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती, नदीकाठी काम करणारी यंत्रे, एका जागेहून दुसरीकडे नेलेला भराव यांतून बिया खोऱ्याची सीमा ओलांडतात. फूल आवडले म्हणून मूठभर बिया खिशात घालून दुसऱ्या गावी टाकणारे हौशी लोकही यात कमी नाहीत. नदी बियांना एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेऊ शकत नाही. ती उडी बहुतेक वेळा माणसानेच घडवली आहे.

ही वनस्पती इंग्लंडला कोणी आणि का नेली?

या कहाणीचा धागा सहारनपूरच्या वनस्पती उद्यानापर्यंत जातो. कानपूर येथे जन्मलेले जॉन फोर्ब्स रॉयल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक होते आणि १८२० च्या दशकात या उद्यानाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तेथून त्यांनी हिमालयातील वनस्पतींचा मोठा संग्रह केला आणि या जातीचे शास्त्रीय वर्णनही त्यांनीच प्रसिद्ध केले. १८३९ साली तिच्या बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचल्या.

त्या काळच्या बागप्रेमींना ही वनस्पती आवडली यात नवल नाही. बी टाकले की उगवते, काळजी लागत नाही, एका उन्हाळ्यात पुरुषभर उंच होते आणि शरद ऋतूपर्यंत फुलत राहते. काचघरात जपाव्या लागणाऱ्या महागड्या फुलांच्या जमान्यात मोकळ्या हवेत वाढणारे असे देखणे फूल सामान्य माणसालाही परवडणारे होते. परंतु ज्या गुणांमुळे ती बागेत लोकप्रिय झाली, त्याच गुणांनी तिला कुंपणाबाहेरही नेले. क्यूला बिया आल्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १८५५ मध्ये, ती बागेबाहेर मोकळ्यावर वाढताना आढळल्याची नोंद झाली.

त्यानंतरच्या आनुवंशिक अभ्यासांवरून असे दिसते की हे आगमन एकदाच घडले नसावे. ब्रिटनमधील झाडांमध्ये वेगवेगळे वाण आहेत आणि त्यांची नाती भारतातील तसेच पाकिस्तानातील निरनिराळ्या भागांतील झाडांशी जुळतात. हा तपशील आज केवळ इतिहासापुरता राहिलेला नाही. तांबेरा या बुरशीजन्य रोगाविषयीच्या प्रश्नात तो पुन्हा येईल.

आज ती कुठे कुठे पोचली आहे?

ब्रिटन आणि आयर्लंडखेरीज युरोपातील बहुतेक देशांत ती स्थिरावली आहे. तिची उत्तरेकडील मजल नॉर्वे आणि फिनलंडपर्यंत गेली आहे. उत्तर अमेरिकेत कॅनडा आणि अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांकडील काही भागांत, तसेच न्यूझीलंडमध्येही ती आढळते. कडक उन्हाळा आणि कोरडी जमीन तिला सोसत नाही, म्हणून भूमध्य सागराच्या भोवतालच्या रखरखीत प्रदेशात तिला फारसे यश मिळालेले नाही.

युरोपातील वेगवेगळ्या अक्षांशांवरून गोळा केलेल्या बिया एकाच ठिकाणी वाढवून पाहिल्या असता, उत्तरेकडील झाडे बुटकी राहतात आणि लवकर फुलतात असे दिसून आले आहे. तेथील उन्हाळा लहान असतो आणि थंडीपूर्वी बी धरणे भाग असते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या काळात एका परक्या वनस्पतीने नव्या भूमीच्या ऋतूंशी इतके जुळवून घ्यावे, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावे असे सामर्थ्य आहे.

स्वतःच्या देशात जी वनस्पती तण होत नाही, ती परदेशात तण का होते?

याचे सर्वांत मोठे कारण असे की बी परदेशी गेले, परंतु त्या बीवर जगणारी जीवसृष्टी मागे राहिली. हिमालयात या झाडाला पाने खाणाऱ्या अळ्या व भुंगेरे, रस शोषणाऱ्या किडी आणि अनेक रोगकारक बुरशी यांचा सतत उपद्रव असतो. त्यामुळे त्याची वाढ आणि बियांची संख्या आवाक्यात राहते. क्यूला आलेल्या स्वच्छ बियांबरोबर यांपैकी फारच थोडे आले असणार. युरोपातील काही कीटक आता या झाडावर जगू लागले आहेत, एलिफंट हॉकमॉथ या पतंगाच्या अळ्या ते आनंदाने खातात, परंतु झाडाला आवर घालण्याइतका त्यांचा जोर नाही.

दुसरे कारण झाडाच्या वेळापत्रकात आहे. बियांना रुजण्यापूर्वी कित्येक आठवडे ओल्या थंडीची गरज असते, आणि ती मिळाली की वसंताच्या आरंभीच सगळ्या बिया जवळजवळ एकदम उगवतात. शेजारच्या वनस्पती पाने फोडू लागेपर्यंत तेरड्याच्या रोपांची दाट चादर तयार होते आणि पुढे उंचीच्या जोरावर ती प्रकाश अडवते.

तिसरी बाब रासायनिक आहे. या वनस्पतीच्या मुळांतून आणि पानांतून नॅफ्थोक्विनोन गटातील एक द्रव्य मातीत उतरते, जे इतर रोपांच्या वाढीला आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींना बाधक ठरते. झाडांच्या रोपट्यांना अशा बुरशींची गरज असते, म्हणून जंगलाच्या कडेला याचा परिणाम विशेष जाणवतो.

मधमाश्यांना भरपूर मधुरस मिळतो, मग तक्रार कशाची?

मधुरस भरपूर मिळतो हे खरेच आहे, आणि म्हणून हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा. या फुलात मधुरस तयार होण्याचा वेग मध्य युरोपातील कोणत्याही ज्ञात मूळ वनस्पतीपेक्षा अधिक असल्याचे मोजमाप झाले आहे. फुले ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंत येत राहतात, म्हणजे इतर फुले संपत आल्यावरही मधमाश्यांना आणि गुंजन करणाऱ्या मोठ्या बंबलमाश्यांना खाद्य मिळते. फुलाची रचनाही अशी की मधुरसाकडे आत शिरणाऱ्या माशीची पाठ छताला असलेल्या परागकोशांवर घासली जाते आणि ती पांढऱ्या परागांनी माखते. शरद ऋतूत पांढऱ्या पाठीच्या मधमाश्या पोळ्याकडे परतताना दिसल्या की जवळपास हिमालयी तेरडा फुलला आहे, हे तेथील मधपाळ ओळखतात. त्यांच्यापैकी अनेकांना या झाडाविषयी आत्मीयता आहे आणि काहींनी ते मुद्दाम पेरलेही.

तक्रारीचे कारण असे की परागण ही मर्यादित सेवा आहे. एका फुलाकडे माश्यांचा ओढा वाढला की दुसऱ्याच्या वाट्याला त्या कमी येतात. जर्मनीत केलेला आणि २००१ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत महत्त्वाचा ठरला. ओलसर जागी वाढणाऱ्या स्टॅकिस पॅलस्ट्रिस या स्थानिक वनस्पतीच्या शेजारी हिमालयी तेरडा ठेवला असता, तिच्या फुलांना मिळणाऱ्या माश्यांच्या भेटी सुमारे निम्म्यावर आल्या आणि बियांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटली. तेरड्याने तिला सावलीत दाबले नव्हते किंवा तिचे पाणीही पळवले नव्हते. केवळ तिचे पाहुणे त्याने आपल्याकडे वळवले होते.

यावर काही जण म्हणतात की माश्यांची एकूण संख्या वाढली तर शेवटी सगळ्यांचाच लाभ होईल. काही ठिकाणी तसे होतही असेल. परंतु वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी माश्यांना लागणारी फुले ज्या स्थानिक वनस्पती देतात, त्याच तेरड्याखाली दबल्या, तर शरद ऋतूतील मेजवानीने ती उणीव भरून निघत नाही. वर्षभर फुलणारी मिश्र वनस्पतिसृष्टी आणि दोन-अडीच महिन्यांची एकाच फुलाची लयलूट यांत निवड करायची झाल्यास पहिलीच माश्यांच्या हिताची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नदीकाठाचे नुकसान कसे होते?

ही वनस्पती वर्षायू असल्यामुळे पहिल्या कडक थंडीत ती कोसळते आणि काही आठवड्यांत कुजून नाहीशी होते. ज्या काठावर बहुवर्षायू गवतांची आणि झुडपांची मुळे वर्षभर माती धरून ठेवत होती, तेथे हिवाळ्यात उघडी जमीन उरते. तेरड्याची मुळे उथळ असतात आणि तीही मरून जातात. युरोपात नद्यांना मोठे पूर याच काळात येतात. स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमधील नदीकाठांवर केलेल्या मोजमापांत तेरड्याने व्यापलेल्या जागी मातीची झीज अधिक आढळली आहे. वाहून गेलेली ही माती नदीच्या तळाच्या खडीत बसते, आणि स्वच्छ खडीत अंडी घालणाऱ्या सॅमनसारख्या माशांना ती घातक ठरते.

या सर्व परिणामांबाबत अभ्यासकांचे एकमत आहे का?

नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. चेक प्रजासत्ताकातील नदीकाठांवर केलेल्या एका अभ्यासात तेरडा काढून टाकल्यावरही स्थानिक जातींच्या संख्येत फारसा फरक पडला नाही, असे आढळले. ब्रिटनमधील अभ्यासात फरक दिसला, परंतु तेरडा हटवल्यावर मोकळ्या झालेल्या जागेचा फायदा इतर परकीय वनस्पतींनीही घेतला. नदीकाठ ही मुळातच पुराने सतत ढवळली जाणारी जागा आहे. तेथे आक्रमक स्थानिक वनस्पतीही, उदाहरणार्थ खाजकुइरीसारखी आग आणणारी नेटल, दाट वाढतात.

म्हणून प्रत्येक काठावर सारखाच परिणाम होतो असे मानू नये. खताच्या पाण्याने आधीच बिघडलेल्या काठावर तेरडा हा दुखण्याचे लक्षण असू शकतो, तर दुर्मीळ वनस्पती असलेल्या पाणथळीत किंवा जंगलाच्या ओलसर तळावर तोच प्रत्यक्ष दुखणे ठरतो. मर्यादित पैसा आणि मनुष्यबळ दुसऱ्या प्रकारच्या जागांवर आधी खर्च करणे शहाणपणाचे आहे.

परदेशात या वनस्पतीबाबत कोणते कायदे आहेत?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याच्या नवव्या अनुसूचीत तिचा समावेश २०१० मध्ये झाला. तेव्हापासून ती मोकळ्या जागी लावणे किंवा वाढेल अशा रीतीने सोडणे हा गुन्हा आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तिला चिंताजनक आक्रमक परकीय जातींच्या यादीत घातले. त्यामुळे सदस्य देशांत तिची आयात, विक्री, लागवड आणि वाहतूक यांवर बंदी आली.

हाताने उपटून ती संपवता येते का?

छोट्या क्षेत्रात नक्की येते. मुळे उथळ असल्यामुळे पूर्ण वाढलेले झाडही एका हाताने सहज निघते, आणि ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात स्वयंसेवकांचे गट नदीकाठी जमून हेच काम करतात. मात्र त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

वेळ सर्वांत महत्त्वाची असते. फुले येण्यापूर्वी किंवा येऊ लागताच काम उरकले पाहिजे. बोंडे पक्व झाल्यावर झाडाला हात लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने पेरणी करण्यासारखे आहे. कापायचे झाल्यास सर्वांत खालच्या पेराच्याही खाली कापावे लागते, कारण वर एखादे पेर राहिले तर त्यातून नव्या फांद्या फुटतात आणि त्या बुटक्या फांद्यांनाही फुले येतात. उपटलेली झाडे ओल्या मातीवर तशीच टाकली तर पेरांतून मुळे फुटून ती पुन्हा उभी राहतात, म्हणून त्यांचे ढीग पाण्यापासून दूर, वाळतील अशा जागी करतात.

दिशेचा विचार सुटला तर मात्र उरलेली सगळी मेहनत वाया जाते. काम खोऱ्याच्या वरच्या टोकापासून सुरू करून प्रवाहाबरोबर खाली यायला हवे. गावाजवळचा काठ साफ करणे सोयीचे वाटते आणि छायाचित्रांतही चांगले दिसते, परंतु वरून बिया येत राहिल्या तर पुढच्या वसंतात तोच काठ पुन्हा भरलेला असतो. समाधानाची बाब अशी की मातीत या बियांचा साठा फार काळ टिकत नाही. बहुतेक बिया दीड-दोन वर्षांत रुजतात किंवा मरतात. त्यामुळे सलग दोन-तीन हंगाम एकही झाड बी धरू दिले नाही, तर तो भाग खरोखर मोकळा होतो. गुरे आणि मेंढ्या ही रोपे खातात, म्हणून काही ठिकाणी चराईचाही उपयोग केला जातो. पाण्याच्या काठाने तणनाशक वापरण्यावर कडक नियम आहेत आणि त्याने शेजारच्या वनस्पतीही मरतात.

संपूर्ण देशातून ती नाहीशी करणे हा वेगळा प्रश्न आहे. तुटक कडे, खाजगी जमिनी, दाट झाडी अशा असंख्य जागा अशा आहेत की जेथे माणूस पोचूच शकत नाही.

तांबेऱ्याचा उपयोग करण्याची कल्पना काय आहे?

माणूस पोचू शकत नाही तेथे झाडाचा मूळ शत्रू पोचावा, अशी ही कल्पना आहे. कॅबी (CABI) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २००६ पासून भारत आणि पाकिस्तानातील हिमालयीन भागांत या झाडावर जगणाऱ्या कीटकांचा आणि बुरशींचा शोध घेतला. बहुतेक उमेदवार इतर वनस्पतींवरही जगतात असे दिसल्याने बाद झाले. शेवटी निवड झाली ती पक्सिनिया कोमारोव्ही या तांबेरा रोगकारक बुरशीच्या एका प्रकाराची, जो याच तेरड्यावर वाढतो.

या तांबेऱ्याचे सारे जीवनचक्र एकाच यजमान वनस्पतीवर पूर्ण होते, हे विशेष आहे. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला जसे दुसरे यजमान झुडूप लागते तसे याला लागत नाही. वसंतात तो कोवळ्या रोपांच्या खोडाला लागतो, खोड वेडेवाकडे होते आणि त्यावर नारिंगी पुरळ उठते. उन्हाळ्यात पानांच्या मागे तपकिरी चूर्ण दिसू लागते, आणि ते बीजाणू वाऱ्याबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. शरद ऋतूत पाने गळतात तेव्हा थंडी सोसणारे बीजाणू पाचोळ्यात उरतात आणि पुढच्या वसंतात नव्या रोपांची वाट पाहतात. झाड एकदम मरावे अशी अपेक्षा नाही. पाने कमी झाली, उंची घटली आणि बिया कमी धरल्या, की शेजारच्या स्थानिक वनस्पतींना उजेड मिळू लागेल, इतकाच हेतू आहे.

विलगीकरणातील प्रयोगशाळेत सत्तरहून अधिक वनस्पतींवर या बुरशीची चाचणी झाली, आणि त्यानंतर २०१४ मध्ये भारतातून आणलेला तिचा वाण इंग्लंडमध्ये मोकळ्यावर सोडण्यात आला. परकीय तणाविरुद्ध युरोपीय संघाच्या क्षेत्रात रीतसर परवानगीने सोडलेली ही पहिली बुरशी होय.

मग तांबेऱ्याने अजून सगळीकडे यश का मिळवले नाही?

ब्रिटनमधील तेरडा एकाच वाणाचा नाही, ही अडचण येथे आडवी येते. काही नद्यांवरील झाडांना भारतीय तांबेरा सहज लागला, तर काही ठिकाणी झाडांनी त्याला दादच दिली नाही. तांबेरा आणि त्याचे यजमान यांचे नाते फार नेमके असते. हिमालयाच्या एका दरीतील बुरशी दुसऱ्या दरीतील झाडाला लागेलच असे नाही. म्हणून २०१७ मध्ये पाकिस्तानातून आणलेला दुसरा वाण सोडण्यात आला. आता बुरशी सोडण्यापूर्वी त्या नदीवरील झाडांची पाने तपासून कोणता वाण तेथे लागू पडेल ते ठरवले जाते. पाचोळा पुराने वाहून जात असेल तर बुरशीचा हिवाळी साठाही वाहून जातो, म्हणून वारंवार बुडणाऱ्या काठांपेक्षा किंचित उंच जागी ती चांगली टिकते.

भारताला हा मार्ग अपरिचित नाही. गाजरगवताला आवर घालण्यासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा हा भुंगेरा १९८४ मध्ये बंगळुरू परिसरात सोडण्यात आला होता. अशा उपायांना यशासाठी वर्षे नव्हे, दशके द्यावी लागतात.

या प्रजातीतील दुसऱ्या जातीही परदेशात पसरल्या आहेत का?

होय. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील नारिंगी फुलांची इम्पेशन्स कॅपेन्सिस ही जाती १८२२ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातील टिलिंगबर्न नदीकाठी आढळली होती, आणि ती पाहणारे होते पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेले जॉन स्टुअर्ट मिल. वनस्पतींचा अभ्यास हा त्यांचा आयुष्यभराचा छंद होता. मध्य आशियातील लहान पिवळ्या फुलांची इम्पेशन्स पार्व्हिफ्लोरा एकोणिसाव्या शतकात युरोपातील वनस्पती उद्यानांतून निसटली आणि जंगलांच्या सावलीत पसरली. ब्रिटनची स्वतःची म्हणता येईल अशी एकच जाती आहे, इम्पेशन्स नोली-टँजरे. तिची फुले पिवळी असतात, ती मुख्यतः लेक डिस्ट्रिक्टसारख्या मोजक्या भागांत उरली आहे, आणि नेटेड कार्पेट नावाच्या दुर्मीळ पतंगाच्या अळ्या केवळ तिच्यावर जगतात. तण काढताना उत्साहाच्या भरात हीच झाडे उपटली जाऊ नयेत, याची तेथे काळजी घ्यावी लागते.

हिमालयात फिरताना या झाडाच्या बिया गोळा करून नेल्या तर काय बिघडते?

हिमालयातील काही भागांत या बिया खाल्ल्या जातात आणि त्यांची चव बदामा-अक्रोडाच्या जातीची असते. स्थानिकांनी आपल्या शेतबांधावर त्या गोळा करण्यात काहीच वावगे नाही. परंतु त्या परदेशातील नातेवाइकांना किंवा मित्रांना पाठवणे टाळावे. युरोपीय संघाच्या देशांत ते बेकायदा आहे, आणि अन्यत्रही जेथे उन्हाळा थंड व जमीन ओलसर आहे तेथे तोच इतिहास पुन्हा घडू शकतो. नव्या वाणाच्या बिया पोचल्या तर तांबेऱ्याची जुळवणी करणाऱ्यांचे कामही आणखी अवघड होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताटव्यातून चालून आल्यावर बुटांचे तळवे, विजारीच्या दुमडी आणि पिशवीचे कप्पे झटकून घ्यावेत, आणि ते त्याच जागी झटकावेत.